ध्रुवीय समुद्रातलं प्राथमिक उत्पादन: मॉडेल नेमकं कुठे गंडतं?

खाजण

प्रिड्झ उपसागर, म्हणजे भारताच्या भारती स्थानकासमोरचा अंटार्क्टिक समुद्र. तिथल्या वनस्पती प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचं) डिसेंबर ते फेब्रुवारीतलं प्राथमिक उत्पादन, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाने बांधलेला कार्बन, उपग्रहाच्या माहितीवरून काढायचं आहे. सुरुवात व्हीजीपीएम या मॉडेलने केली आहे, म्हणजे बेहरेनफेल्ड आणि फाल्कोव्स्की यांचं १९९७ चं समीकरण:

उत्पादन = ०.६६१२५ × कमाल दर × [प्रकाश ÷ (प्रकाश + ४.१)] × प्रकाशित थराची खोली × क्लोरोफिल × दिनमान

नमुन्यादाखल एक पिक्सेल देते. १५ डिसेंबर, ६९ अंश दक्षिण, क्लोरोफिल दर घनमीटरला १ मिग्रॅ, पाणी उणे ०.५ अंश, प्रकाश दर चौरस मीटरला दिवसाला ४० मोल, दिनमान २४ तास. उत्तर येतं दर चौरस मीटरला दिवसाला ६१३ मिग्रॅ कार्बन.

प्रश्न तीन. कमाल दर तापमानावरून काढतात, त्यासाठी कुठला वक्र घ्यावा? बर्फ असलेल्या पिक्सेलचं काय करावं? आणि हा आकडा कशाशी ताडून बघावा?

हिमकण्या

गणित बरोबर आहे. क्लोरोफिल १ असताना प्रकाशित थर (पृष्ठभागावरचा १ टक्का प्रकाश पोचतो तिथपर्यंतचं पाणी) ३६.१ मीटर येतो, उणे ०.५ अंशाला कमाल दर १.१८ येतो (तासाला, क्लोरोफिलच्या दर मिग्रॅमागे मिग्रॅ कार्बन), आणि गुणाकार ६१३ वरच थांबतो.

आता हाच पिक्सेल थोडा हलवून बघा. तापमान एक अंशाने वाढवून अधिक ०.५ केलं की व्हीजीपीएमचा कमाल दर १.४५ होतो, म्हणजे सरळ २३ टक्के वाढ. एप्लीच्या घातांकी वक्रावर (तापमानानुसार प्लवकांचा कमाल दर देणारं दुसरं सूत्र) तोच एक अंश जेमतेम साडेसहा टक्के वाढ देतो. हा फरक प्लवकांमुळे येत नाही, तो व्हीजीपीएमच्या सातव्या घाताच्या बहुपदीमुळे येतो. ती बहुपदी जगभरच्या मोजण्यांवर बसवलेली आहे, तिचं शिखर २० अंशांच्या आसपास आहे, आणि थंड टोकाला तिचा उतार किती विश्वासाचा हे तिला विचारण्यात अर्थ नाही. उणे १ अंशाच्या खाली तर कोडमध्ये १.१३ हा एकच आकडा ठोकून दिलेला असतो. पाणी गोठतं उणे १.९ च्या सुमाराला, म्हणजे तुमच्या कामाचा बराचसा समुद्र त्या सपाट तुकड्यावर बसतो.

माझं मत: एप्लीचा वक्र घ्या. उणे ०.५ ला त्याचा कमाल दर १.२७ येतो, व्हीजीपीएमपेक्षा फक्त ८ टक्के जास्त. निवडीने सरासरी फारशी हलत नाही. पण समुद्र तापत-निवत असताना ऋतूचा आलेख व्हीजीपीएममध्ये विनाकारण उड्या मारतो, तो एप्लीमध्ये शांत राहतो.

आता क्लोरोफिल बघा. उपग्रह १ म्हणतो आणि पाण्यात खरं २ असेल, तर तोच पिक्सेल ९४४ देतो. दुप्पट होत नाही, कारण दाट पाण्यात प्रकाशित थर ३६ वरून २८ मीटरवर येतो, पण दीडपट झालाच. तापमानाच्या वक्रावरून भांडण्यात महिना घालवण्याआधी क्लोरोफिलकडे बघा, एवढंच म्हणणं.

सांख्यिकी_सदू

तापमान इतकं किरकोळीत काढू नका. ध्रुवीय समुद्रात वाढ मंद असते ती थंडीमुळेच ना? मग मॉडेलचा कणा तापमानच असायला हवा.

हिमकण्या

सदू, मंद म्हणजे किती ते मोजू. एप्लीच्या १९७२ च्या वक्रानुसार शून्य अंशाला कमाल वाढ दिवसाला ०.५९, म्हणजे दिवसाला साधारण ०.८५ वेळा दुप्पट. उणे ०.५ ला ०.५७. क्लोरोफिल ०.१ वरून ५ वर जायचं तर पन्नास पट वाढ हवी, आणि या वेगाने तिला सातच दिवस लागतात. प्रत्यक्षात चराई आणि तळाशी बुडणारे प्लवक वजा जाता निव्वळ दर ०.२ राहिला तरी वीस दिवसांत बहर पूर्ण. हंगाम तीन महिन्यांचा आहे. म्हणजे थंडी बहराला अडवत नाही. अडवतो तो कमी प्रकाश, आणि पुढे लोहाची टंचाई.

शिवाय तापमान उणे १.८ ते अधिक २ याच पट्ट्यात फिरतं. एवढ्या पट्ट्यात एप्लीचा वक्र एकूण २७ टक्के बदलतो. प्रकाश त्याच काळात शंभरपट बदलतो.

दोनापावलाकर

क्लोरोफिलबद्दल. इथे दोन्ही ध्रुव उलट्या दिशेने फसवतात, म्हणून आर्क्टिकसाठी लिहिलेला कोड अंटार्क्टिकला डोळे झाकून लावू नये.

दक्षिण महासागरात निळ्या-हिरव्या प्रकाशाच्या गुणोत्तरावर चालणारी जागतिक सूत्रं क्लोरोफिल कमी दाखवतात, अनेक ठिकाणी निम्म्याहूनही कमी. तिथल्या प्लवकांच्या पेशींत रंगद्रव्य दाटीवाटीने बसलेलं असतं, त्यामुळे दर मिग्रॅ क्लोरोफिलमागे प्रकाश कमी शोषला जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा निळं दिसतं. दक्षिण महासागरासाठी वेगळी सूत्रं प्रसिद्ध आहेत, ती वापरा.

आर्क्टिकमध्ये लेना, ओब, येनिसे, मॅकेन्झी या नद्या पिवळसर विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य ओततात. ते निळा प्रकाश खातं आणि सूत्राला वाटतं क्लोरोफिल भरपूर आहे. स्वालबार्ड या नॉर्वेच्या बेटांवरच्या काँग्सफ्योर्ड या फ्योर्डमध्ये (अरुंद, खोल खाडीत), जिथे भारताचं हिमाद्री स्थानक आणि पाण्याखाली २०१४ पासून इंडआर्क ही वेधशाळा आहे, तिथे तिसरीच भानगड. जुलै-ऑगस्टमध्ये हिमनद्यांचं गढूळ पाणी आतल्या भागात पसरतं. उपग्रहाला ते पाणी हिरवं दिसतं, प्रत्यक्षात प्रकाश काही मीटरांतच संपलेला असतो. तिथे क्लोरोफिल जास्त धरलं जातं आणि प्रकाशित थरही क्लोरोफिलवरूनच काढला जातो, म्हणून गाळाचा हिशेब कुठेच येत नाही. फ्योर्डच्या आतल्या भागाला व्हीजीपीएम लावूच नये. तिथे प्रकाश खोलीनुसार मोजलेला असेल तरच पुढे जा.

आणखी एक. बर्फाच्या कडेचे पिक्सेल. बर्फाचं प्रमाण १५ टक्क्यांखाली गेलं की नकाशावर समुद्र मोकळा ठरतो, पण एक किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये चार-दोन तरंगते तुकडे असले तरी वातावरणाची दुरुस्ती (उपग्रहाच्या मोजणीतून हवेने विखुरलेला प्रकाश वजा करणं) बिघडते आणि क्लोरोफिल वाटेल ते येतं. कडेपासून दोन-तीन पिक्सेल सोडून द्यावेत. नेमका तिथेच बहर असतो, त्यामुळे जीव तुटतो, पण खोटा आकडा ठेवण्यापेक्षा रिकामी जागा बरी.

सांख्यिकी_सदू

आणि आर्क्टिकचं उत्पादन वाढलंय म्हणतात, ते तरी पाणी तापल्यामुळे ना?

दोनापावलाकर

१९९८ ते २०१८ मध्ये ५७ टक्के वाढ निघाली, हे उपग्रहावरचंच गणित. पहिल्या दशकात वाढीचं कारण बर्फ मागे हटून मोकळं झालेलं पाणी. नंतरच्या दशकात बर्फ तितका हटला नाही, तरी उत्पादन वाढत गेलं, कारण क्लोरोफिलच वाढलं. त्याचा अर्थ पोषकद्रव्यांचा पुरवठा वाढला असा लावला जातो. तापमान वक्रात आहे, पण गोष्ट त्याची नाही.

निळाई

बर्फाच्या पिक्सेलबद्दल सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे होतो.

आधी प्रकाश किती खाली पोचतो ते. एक मीटर जाड बर्फ, वर दहा सेंटिमीटर हिम. भुसभुशीत ताजं हिम ८५ टक्के प्रकाश परत फेकतं, उरतात १५. हिमात प्रकाशाचा क्षय (घातांकी गुणांक) मीटरला साधारण १०, म्हणून दहा सेंटिमीटरनंतर त्यातले ३७ टक्के. बर्फात क्षय मीटरला १.५, म्हणून एक मीटरनंतर त्यातले २२ टक्के. एकूण १.२ टक्के. वर ४० मोल असताना खाली अर्धा मोल, म्हणजे सेकंदाला ६ मायक्रोमोल.

हिम वितळून गेलं आणि उघड्या बर्फाची परावर्तनक्षमता ०.६ झाली की खाली ९ टक्के पोचतात, ४१ मायक्रोमोल. त्यावर वितळपाण्याचं डबकं साचलं, परावर्तन ०.२५ झालं, की १७ टक्के, ७७ मायक्रोमोल. ध्रुवीय प्लवकांचा प्रकाशसंश्लेषणाचा वक्र २५ ते ८० मायक्रोमोलच्या दरम्यान वळतो. म्हणजे डबकं झालं की बर्फाखाली जवळजवळ पुरेसा उजेड. अलास्काजवळच्या चुकची समुद्रात जुलै २०११ मध्ये ०.८ ते १.३ मीटर जाड बर्फाखाली सापडलेला प्रचंड बहर असाच वाढला. उपग्रहाला तो दिसणं शक्यच नव्हतं. अंटार्क्टिकमध्ये डबकी फार कमी होतात, म्हणून चुकचीचं उदाहरण प्रिड्झला जसंच्या तसं लावू नका. तिथे हिमाचा थर टिकतो.

आता खरा घोळ. पिक्सेलमध्ये २० टक्के मोकळं पाणी आणि ८० टक्के बर्फ आहे. मोकळ्या पाण्यावर ४५० मायक्रोमोल, बर्फाखाली ६. बहुतेक जण आधी प्रकाशाची सरासरी काढतात: ९५. मग वळणबिंदू ५० धरून वक्रात टाकतात:

१ − घातांक(−९५ ÷ ५०) = ०.८५

योग्य क्रम उलटा आहे. आधी प्रत्येक भागाचं उत्पादन, मग सरासरी. मोकळ्या पाण्यात वक्र १ ला टेकलेला, बर्फाखाली ०.११:

०.२ × १ + ०.८ × ०.११ = ०.२९

जवळजवळ तिप्पट फरक, आणि तो कुठल्याही प्राचलाचा नाही, फक्त ओळी कुठल्या क्रमाने लिहिल्या त्याचा. जागतिक हवामान मॉडेलांतही ही चूक वर्षानुवर्षं राहिली होती.

गंमत म्हणजे हिमाच्या जाडीची सरासरी काढलीत तर चूक उलटीकडे जाते. अर्ध्या भागावर २० सेंमी आणि अर्ध्यावर काहीच नाही, सरासरी १० सेंमी. सरासरी जाडीने ३७ टक्के प्रकाश खाली येतो, वेगवेगळा हिशेब केला तर ५७ टक्के. दोन चुका एकमेकींना खातात म्हणून निकाल कधीकधी बरा दिसतो. त्यावर विसंबू नका, जाडीचं वाटप बदललं की तोल जातो.

कोडमध्ये मी असं लिहीन: बर्फाच्या जाडीचे पाच वर्ग, मोकळ्या पाण्याचा सहावा, प्रत्येकाचा वेगळा प्रकाश, वेगळं उत्पादन, शेवटी क्षेत्रफळाने भार देऊन बेरीज.

खाजण

हे फार उपयोगी. पण हिमाची जाडी आणायची कुठून?

निळाई

अंटार्क्टिकसाठी विश्वासाचा रोजचा नकाशा नाही असंच धरून चला. तिथे हिमाच्या वजनाने बर्फ पाण्याखाली दबतो, समुद्राचं पाणी हिमात शिरतं आणि गोठतं. त्यामुळे उंची मोजणाऱ्या उपग्रहांना हिम कुठे संपलं आणि बर्फ कुठे सुरू झाला हे नीट कळत नाही. ०, १० आणि २५ सेंमी अशा तीन जाड्या धरून तीनदा चालवा आणि तिन्ही निकाल छापा. २५ सेंमीच्या धावेत बर्फाखालचं उत्पादन जवळपास शून्य येईल, तो तुमचा तळ.

अणुरेणू

प्रकाशाच्या आकड्यांत होणाऱ्या नेहमीच्या चुका, ज्या कुणी लेखात लिहीत नाही:

ईआरए५ (युरोपीय हवामान केंद्राची पुनर्विश्लेषण माहिती) मधली सौर ऊर्जा ज्यूलमध्ये साठवून दिलेली असते, वॅटमध्ये नाही. ताशी फाइल असेल तर ३६०० ने भागायचं, मासिक सरासरी असेल तर ८६,४०० ने. मासिक फाइलला ३६०० ने भागलं की उत्तर २४ पट येतं, आणि व्हीजीपीएममध्ये प्रकाशाचं पद ४.१ नंतर लवकर सपाट होत असल्याने अंतिम उत्पादन फक्त १० टक्के वाढलेलं दिसतं! म्हणजे चूक पकडली जात नाही. प्रकाशाचा नकाशा वेगळा काढून बघा. दिवसाला ७० मोलच्या वर काही दिसलं तर थांबा.

वॅटमधून मोलमध्ये: एकूण सौर ऊर्जेच्या ४३ ते ४५ टक्के भाग प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी. त्या भागाच्या एका वॅटला सेकंदाला ४.५७ मायक्रोमोल, दिवसाला ०.३९५ मोल.

दिनमान: कोज्या(तास-कोन) = −स्पर्शज्या(अक्षांश) × स्पर्शज्या(क्रांती). क्रांती म्हणजे सूर्याचा विषुववृत्तापासूनचा कोन. ६९ अंशांवर डिसेंबरमध्ये उजवी बाजू −१ च्या खाली जाते आणि व्यस्त कोज्या रिकामं मूल्य देते. अख्खा उन्हाळा नकाशावरून गायब होतो आणि माणूस समजतो की तिथे ढग होते. आधी −१ आणि १ च्या मर्यादेत कापून घ्या, मग व्यस्त कोज्या.

पृष्ठभागावरचं परावर्तन सगळीकडे ५ टक्के धरू नये. सूर्य क्षितिजाच्या ३० अंश वर असेल तेव्हा थेट किरणांचे ६ टक्के परत जातात, २० अंशांवर १३, १० अंशांवर ३५. पण आकाश ढगाळ असेल तर प्रकाश सगळीकडून येतो आणि परावर्तन ६ ते ७ टक्क्यांवर स्थिर राहतं. दक्षिण महासागरावर बहुतेक वेळ ढगच असतात, म्हणून थेट आणि विखुरलेला भाग वेगळे ठेवा, नाहीतर रात्री बाराच्या उन्हात उत्पादन उगाच कमी येईल.

हिमकण्या

अणुरेणू यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून: म्हणूनच दिवसाच्या बेरजेवर चालणारं समीकरण सोडून ताशी आणि खोलीनुसार मॉडेल लिहावं. वेळपायरी एक तास. खोली पहिल्या २० मीटरला एक मीटरची, पुढे दोन मीटरची. थांबायचं १ टक्का प्रकाशावर नाही, ०.१ टक्क्यावर. भर उन्हात वर ९०० मायक्रोमोल असताना १ टक्का म्हणजे ९, आणि अंधाराला सरावलेल्या प्लवकांचा वळणबिंदू २७ असेल तर तिथेही ते क्षमतेच्या चौथ्या हिश्शाने काम करत असतात. तो भाग कापू नका.

वाढीच्या दरावर बेतलेलं मॉडेल लिहिणार असाल, म्हणजे क्लोरोफिल × कार्बन-क्लोरोफिल गुणोत्तर × एप्लीचा दर, तर सगळा भार त्या गुणोत्तरावर पडतो. उणे ०.५ अंशाला, भरपूर प्रकाशात, गुणोत्तर ५० धरलं तर घनमीटरला दिवसाला २८.६ मिग्रॅ कार्बन. व्हीजीपीएमचा कमाल दर २४ तासांनी गुणला तर २८.३. जुळलं! पण दक्षिण महासागरासाठी ८८.५ सुद्धा वापरलेलं आहे, तेव्हा ५०.६ येतात. दोन मॉडेलं जुळली म्हणून हुरळून जाण्याआधी गुणोत्तर कुणी काय धरलं होतं ते बघा. अंधारात वाढलेल्या पेशींत क्लोरोफिल जास्त म्हणून गुणोत्तर कमी, उन्हात उलट. एकच स्थिरांक अख्ख्या हंगामाला पुरत नाही.

मिश्रित थर (वाऱ्याने घुसळला जाणारा वरचा थर) व्हीजीपीएमला माहीतच नाही. तुमच्या पिक्सेलमध्ये क्षय मीटरला ०.१२७ आहे. दिवसाचा सरासरी प्रकाश ४६३ मायक्रोमोल. थर ८० मीटर खोल घुसळला जात असेल तर त्यातल्या प्लवकांना सरासरी ४५ मिळतात, वितळपाण्याने थर २० मीटरवर आला तर १६८. स्वेरड्रुपने १९५३ मध्ये मांडलेली क्रांतिक खोली (थर तिच्याहून खोल घुसळला तर उत्पादन खर्चाला पुरत नाही) याच हिशेबातून येते. म्हणून बर्फाच्या कडेला, गोड्या पाण्याचा पातळ थर वर बसतो तिथे, बहर धरतो. जोराचा वारा आला की तोच थर मोडतो आणि क्लोरोफिल तेवढंच असूनही उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं.

सांख्यिकी_सदू

मग लोह कुठे बसवायचं? ते तर उपग्रहाला दिसत नाही.

दोनापावलाकर

क्लोरोफिल मोजलेलंच आहे, म्हणून लोहाचा बराचसा परिणाम त्यात आपोआप आलेला असतो. उरतो तो दर क्लोरोफिलमागच्या कार्यक्षमतेवरचा परिणाम. किनाऱ्याजवळ, बर्फ आणि हिमनग वितळतात तिथे, लोह बऱ्यापैकी असतं. खुल्या समुद्रात गेलं की कमाल दर खाली आणावा लागतो. प्रिड्झच्या आतल्या पोलिन्यांचा (बर्फाने वेढलेल्या मोकळ्या पाण्याच्या भागांचा) आणि बाहेरच्या खोल पाण्याचा कमाल दर एकच ठेवू नका.

लोह दिलं की सगळं सुटतं असंही नाही. २००९ चा लोहाफेक्स, गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांचा प्रयोग. पोलारस्टर्न जहाजावरून ३०० चौरस किमी पट्ट्यात लोह टाकलं. बहर आला, पण सिलिसिक अ‍ॅसिड आधीच संपलेलं असल्याने डायटम (सिलिकाचं कवच असलेले प्लवक) वाढलेच नाहीत, जे इतर वाढले ते कोपेपॉडांनी (झिंग्याच्या कुळातल्या सूक्ष्म जीवांनी) चरून टाकले, आणि खोल पाण्यात कार्बन फारसा गेला नाही. मॉडेलमध्ये नुसतं लोहाचं पद घालून सिलिकाचं विसरलात तर तुमचं मॉडेल तिथे डायटमचा बहर दाखवील.

खाजण

आता तिसरा प्रश्न. जहाजावरच्या कार्बन-१४ मोजण्यांशी (बाटलीत किरणोत्सारी कार्बन घालून प्लवकांनी किती घेतला ते बघतात) तुलना करताना काय सांभाळावं?

अणुरेणू

पहिलं, मोजणी किती तासांची आहे ते बघा. दोन ते चार तासांची मोजणी एकूण उत्पादनाच्या जवळ असते, २४ तासांची निव्वळच्या (श्वसन वजा जाता) जवळ. मॉडेल कुठल्या प्रकारचं आहे त्याच्याशीच ताडा.

दुसरं, बाटल्यांचं तापमान. डेकवरच्या टाकीत समुद्राचं पाणी फिरवतात, पण ते जहाजाच्या नळांतून येतं आणि वाटेत तापतं. उणे १.५ चं पाणी टाकीत अधिक १.५ झालं तर एप्लीप्रमाणे दर २१ टक्के फुगतो. नोंदवहीत टाकीचं तापमान नसेल तर ती मोजणी बाजूला ठेवा.

तिसरं, विरघळलेला अकार्बनी कार्बन. बरेच जण एकच ठरावीक आकडा वापरतात. वितळपाण्याच्या थरात क्षारता ३४ वरून ३० वर आलेली असेल तर कार्बनही जवळपास त्याच प्रमाणात पातळ होतो आणि उत्पादन १३ टक्के जास्त लिहिलं जातं. क्षारतेने प्रमाण लावून घ्या.

चौथं, अंधारी बाटली, म्हणजे उजेड न लागू दिलेला नमुना. थंड, कमी क्लोरोफिलच्या पाण्यात अंधाऱ्या बाटलीतली मोजणी उजेडाच्या बाटलीच्या दखलपात्र हिश्शाइतकी असू शकते. वजा केली आहे की नाही हे मूळ तक्त्यात तपासा. गाळणी जीएफ-एफ (काचतंतूंची) असेल तर नाममात्र छिद्र ०.७ मायक्रॉनचं, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने उरलेला अकार्बनी कार्बन उडवला होता का तेही बघा.

निळाई

आणि जुळणी पिक्सेलची करताना ३ × ३ चा चौकोन घ्या. त्यातले निम्मे पिक्सेल तरी चांगले हवेत, वेळ तीन तासांच्या आत. ध्रुवावर ढगांमुळे एवढ्या कडक अटीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच जोड्या उरतील. वेळ एक दिवसावर सैल करा, पण बर्फ वाहतो त्या भागात नको. एका दिवसात कड दहा-वीस किलोमीटर सरकते आणि तुम्ही बर्फाखालच्या नमुन्याची तुलना मोकळ्या पाण्याच्या पिक्सेलशी करत बसाल.

खाजण

ठीक. मग क्रम असा धरते: दक्षिण महासागराचं क्लोरोफिल सूत्र, कडेचे पिक्सेल बाद, ताशी प्रकाश, बर्फाचे सहा वर्ग, एप्ली, आणि हिमाच्या तीन धावा. गुणोत्तर ५० आणि ८८.५ दोन्ही चालवते.

हिमकण्या

म्हणजे सहा धावा. मिश्रित थर आधी २० मीटरवर बांधून ठेवा, नाहीतर कुठला फरक कशाचा हे कळणार नाही. त्या सहा नीट बसल्या की मग ८० मीटर.